१,४७५ परार्धांची पंगत

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये बातमी आली की तोवरची सर्वांत मोठी मूळ संख्या सापडली. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, आणि त्यातून १ वजा. शोधणारा ल्यूक ड्युरँट, राहणार सॅन होजे, अमेरिका. संख्येत ४,१०,२४,३२० अंक आहेत. एका पानावर ३,००० अंक दाटीवाटीने बसवले तरी छापायला साडेतेरा हजारांहून जास्त पानं लागतील.

आमच्या घरच्या ग्रुपवर ही बातमी पडली तेव्हा मामांचा प्रश्न आला: "याला कशानेच भाग जात नाही हे यांना कळलं कसं? सगळे भागाकार करून बघितले?" त्याखाली दोन अंगठे आणि एक सुप्रभात. प्रश्न तिथेच राहिला, पण तो अगदी बरोबर आहे. सगळे भागाकार कोणी केलेले नाहीत. विश्वाच्या वयाइतका वेळ मिळाला तरी ते पुरे होणार नाहीत. मग एवढी खात्री येते कुठून?

हे समजायला ४ कोटी अंक नकोत. २१ अंकांची एक जुनी संख्या पुरते:

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७

मामांच्या प्रश्नाचं उत्तर हिच्या गोष्टीत आहे. आणि त्याहून मोठी एक गंमतही आहे, जिच्यावर आज आपल्या सातबाऱ्याची डिजिटल स्वाक्षरी उभी आहे.

आधी पंगत मांडू

पाहुण्यांना सारख्या ओळींत जेवायला बसवायचं आहे. १२ जण असतील तर ४-४ च्या ३ ओळी किंवा ६-६ च्या २. तेरावा आला की बेत फिसकटतो. ओळी कशाही मांडा, कोणीतरी ताट घेऊन उभं राहतं. सगळ्यांची एकच लांबलचक ओळ केली तरच जमतं. (किंवा प्रत्येकाची वेगळी ओळ. पण ती काय पंगत झाली?)

ज्या संख्येची अशी सारख्या ओळींची पंगत बसते ती संयुक्त संख्या. जिची बसत नाही ती मूळ संख्या. ओळी किती आणि ओळीत पानं किती, हे त्या संख्येचे अवयव. शाळेतल्या एवढ्या तीन शब्दांवर पुढचं सगळं भागेल.

आता प्रश्न असा की १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ पाहुणे आले, तर पंगत बसते का?

ही संख्या आली कुठून?

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. पहिल्या घरात गव्हाचा १ दाणा, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ४, असं दुप्पट करत ६४ घरं भरायची. राजाचं कोठार रिकामं होतं. या गोष्टीतला एक बारकावा सहसा सांगितला जात नाही: कुठल्याही घरापर्यंतच्या दाण्यांची बेरीज ही पुढच्या घरातल्या दाण्यांपेक्षा बरोबर १ ने कमी असते. १, २, ४ यांची बेरीज ७, पुढच्या घरात ८. म्हणून बेरजेत नेहमी तो "वजा १" येतो.

पटाला ६४ ऐवजी ६७ घरं आहेत असं धरा. सगळे दाणे मिळून होतात २ चा ६७ वा घात वजा १, आणि तीच वरची २१ अंकी संख्या. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमाराला 'लीलावती'त दहाच्या पटींची नावं दिली आहेत, ती परार्धाला थांबतात. परार्ध म्हणजे १ वर १७ शून्यं. आपली संख्या १,४७५ परार्धांच्या पुढे जाते.

पण ६७ च का? ६ घरं घेऊन बघा: १, २, ४, ८, १६, ३२. पहिल्या तीन घरांत ७ दाणे आणि पुढच्या तीन घरांत ५६, म्हणजे ७ चे आठपट. एकूण ६३ ला ७ ने भाग जाणारच. घरांचे सारखे गट पडले की दाण्यांचेही पडतात. खऱ्या पटावर ८ घरांच्या ८ ओळी आहेत, म्हणून तिथल्या एकूण दाण्यांना २५५ ने निमूट भाग जातो. दाण्यांची संख्या मूळ हवी असेल तर घरांची संख्या मूळ हवी. ६७ मूळ आहे, घरांचे गट पडत नाहीत, त्यामुळे आशेला जागा आहे.

फक्त आशेलाच. ११ हीसुद्धा मूळ संख्या, पण ११ घरांत २,०४७ दाणे होतात, आणि २,०४७ म्हणजे २३ गुणिले ८९.

पाद्रीबाबांची यादी

मारँ मर्सेन हा फ्रान्समधला पाद्री. १७ व्या शतकात युरोपभरच्या गणितज्ञांची पत्रं त्याच्याकडे यायची आणि तो ती इकडून तिकडे पोचवायचा. १६४४ मध्ये त्याने छापून टाकलं की २५७ पर्यंतचे फक्त ११ घातांक अशी मूळ संख्या देतात: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. आज या जातीच्या संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात ते यावरून.

यादीतला ६७ चुकीचा आहे, २५७ ही चुकीचा आहे. ६१, ८९, १०७ हे तिघं सुटलेत. छपाईत किंवा नक्कल करताना ६१ चं ६७ झालं असावं, असा काहींचा कयास आहे. मर्सेनची बाजू घ्यायची तर ते बरं वाटतं, पण उरलेल्या तीन चुकांना तो कयास लागू होत नाही. त्या काळी हे तपासून बघणार कोण होतं, हा खरा मुद्दा. मर्सेनने सांगितलं आणि लोक दोनशेहून जास्त वर्षं तेच धरून चालले.

कलिंगड न कापता

१८७६ मध्ये एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने दाखवून दिलं की ६७ घरांची आपली संख्या मूळ नाही. ती संयुक्त आहे, पंगत बसते.

किती ओळींची? ते त्याला माहीत नव्हतं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही लबाडी वाटली होती. अवयव दाखवता येत नसतील तर संख्या संयुक्त आहे असं म्हणायचं कशाच्या जोरावर? पण बाजारात कलिंगडवाला टिचकी मारून सांगतो की हे तयार आहे, ते कच्चं आहे. तो कापून बघत नाही. फळ आतून जसं असेल तसा आवाज येतो, आणि त्याचा कान तयार असतो. ल्यूकाने मर्सेन संख्यांसाठी अशीच टिचकी शोधली. डेरिक लेमर या अमेरिकी गणितज्ञाने १९३० मध्ये ती आणखी सुटसुटीत केली.

४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, आणि जी संख्या तपासायची तिने भागून फक्त बाकी ठेवा. त्या बाकीचा पुन्हा वर्ग, पुन्हा २ वजा, पुन्हा बाकी. घातांकापेक्षा २ ने कमी इतक्या वेळा हे करायचं. शेवटी बाकी ० आली तर संख्या मूळ. दुसरं काहीही आलं तर संयुक्त.

२ चा ५ वा घात वजा १, म्हणजे ३१, तपासू. तीन फेऱ्या लागतील. ४ चा वर्ग वजा २ म्हणजे १४. १४ चा वर्ग वजा २ म्हणजे १९४, त्याला ३१ ने भागून बाकी ८. ८ चा वर्ग वजा २ म्हणजे ६२, बाकी ०. ३१ मूळ आहे.

आता २,०४७. घातांक ११, म्हणून नऊ फेऱ्या. बाकी अशा येतात: १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १,८७७, २४०, २८२ आणि शेवटी १,७३६. शून्य नाही, म्हणजे संयुक्त. पण या आकड्यांकडे कितीही वेळ टक लावून बघा, २३ आणि ८९ कुठेच दिसत नाहीत. टिचकीने सांगितलं की पंगत बसते. ओळींबद्दल ती अवाक्षर बोलली नाही.

ही युक्ती का चालते, याची सिद्धता या लेखात मावणार नाही. त्यासाठी ३ चं वर्गमूळ घेऊन वेगळंच अंकगणित उभं करावं लागतं. पण तिचा वेग बघा. आपल्या २१ अंकी संख्येला फक्त ६५ फेऱ्या पुरतात. कागदावर त्या कंटाळवाण्या आहेत, पण माणसाच्या आवाक्यातल्या आहेत. ल्यूकाने त्याच सुमाराला २ चा १२७ वा घात वजा १ ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचं हाताने दाखवलं, आणि पुढे ७५ वर्षं ती सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या राहिली.

मामांना अर्धं उत्तर इथे मिळालं. ऑक्टोबर २०२४ मधल्या त्या अजस्र संख्येची खात्रीही शेवटी याच ४ पासून सुरू होणाऱ्या चाचणीने केली गेली. फेऱ्या तेवढ्या १३ कोटींहून जास्त होत्या.

मग ओळी शोधायला काय जड जातं?

साधा मार्ग म्हणजे २, ३, ५, ७ असं एकेकाने भागत जायचं. कुठपर्यंत? वर्गमूळापर्यंत पुरे, कारण दोन अवयवांतला लहान त्याच्या पुढे जाऊ शकत नाही. आपल्या संख्येचं वर्गमूळ सुमारे १,२१४ कोटी ८० लाख आहे. न झोपता, न जेवता सेकंदाला एक भागाकार केला तर ३८५ वर्षं. शिवाजी महाराजांच्या बालपणी सुरू केलं असतं तर आता कुठे संपत आलं असतं.

इतकं आंधळं चालावं लागत नाही. मर्सेन संख्यांचे अवयव कोणीही ऐरेगैरे नसतात, त्यांच्यावर एक ठसा असतो. २३ घ्या. २ ची दुप्पट करत चला आणि दर वेळी २३ ने भागून बाकी लिहा: २, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२, १. अकराव्या पायरीला १ आला, आणि इथून पुन्हा तेच चक्र. २३ हा २,०४७ चा अवयव आहे याचा अर्थच हा की हे चक्र ११ पायऱ्यांत पूर्ण होतं. दुसरीकडे, १७ व्या शतकातल्या फर्मा या फ्रेंच गणितज्ञाचा एक जुना नियम सांगतो की २३ सारखी मूळ संख्या घेतली तर २२ व्या पायरीलाही १ यायलाच हवा. अकरा-अकराच्या उड्यांनी २२ वर पोचायचं, म्हणून २२ मध्ये ११ बसलाच पाहिजे. थोडक्यात, अवयवातून १ वजा केला की उरलेल्याला घातांकाने भाग जातो. ८९ बघा: ८८ म्हणजे ८ गुणिले ११.

६७ लाही हेच लागू. अवयव विषम असणार, म्हणून तो १३४ च्या एखाद्या पटीपेक्षा १ ने जास्त असला पाहिजे. १३५, २६९, ४०३... शिवाय त्याला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च येते, हा दुसरा ठसा. त्यामुळे १३४ च्या पटींतूनही निम्म्याच उरतात. बाराशे कोटींची रास चाळून चाळून सुमारे साडेचार कोटींवर येते. तरीही ते साडेचार कोटी भागाकार, प्रत्येक २१ अंकी संख्येचा, शाईने आणि कागदावर.

३१ ऑक्टोबर १९०३

न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची बैठक होती. फ्रँक नेल्सन कोल यांचं व्याख्यान मोठ्या संख्यांच्या अवयवांवर होतं. सांगतात ते असं: कोल फळ्यापाशी गेले, काही न बोलता २ चा ६७ वा घात काढला, त्यातून १ वजा केला. मग फळ्याच्या कोऱ्या भागावर दोन संख्या लिहिल्या:

१९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७

शाळकरी पद्धतीने गुणाकार मांडला आणि ओळीखाली ओळ लिहीत शेवटपर्यंत नेला. उत्तर आलं तेच, १४७५ ने सुरू होणारं. कोल जागेवर जाऊन बसले. तोंडातून एक शब्द नाही. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. किती वेळ लागला असं पुढे कोणी विचारलं तर म्हणाले, तीन वर्षांचे रविवार.

ही हकीकत गणिताच्या इतिहासाची रसाळ पुस्तकं लिहिणाऱ्या एरिक टेंपल बेलने बऱ्याच वर्षांनी लिहिली. बेलला तिखटमीठ लावायची सवय होती, तेव्हा टाळ्यांचा आवाज थोडा कमी धरायला हरकत नाही. गुणाकार मात्र कोणालाही आज तपासता येतो. मी एका संध्याकाळी करून बघितला. ९ अंकी गुणिले १२ अंकी, म्हणजे १०८ छोटे गुणाकार आणि नंतर एक लांबलचक बेरीज. पहिल्या वेळी एक हातचा विसरलो, दुसऱ्या वेळी जमलं. मोबाइलचा कॅलक्युलेटर इथे बहुधा उपयोगाचा नाही, तो शेवटचे अंक गिळून टाकतो.

कागद-पेन काढायचा कंटाळा असेल तर निदान नवाची कसोटी लावा. पहिल्या अवयवाच्या अंकांची बेरीज ३७, मग १०, मग १. दुसऱ्याची ६४, पुन्हा १०, पुन्हा १. १ गुणिले १ म्हणजे १. मूळच्या २१ अंकांची बेरीज १०९, मग १०, मग १. जुळलं. (नवाच्या कसोटीला चुकीचं उत्तरही कधीकधी उतरतं, त्यामुळे हा पुरावा नव्हे. पण न जुळणारं उत्तर चुकीचंच, एवढं नक्की.)

आणि ठसा? १९,३७,०७,७२० म्हणजे १३४ गुणिले १४,४५,५८०. पठ्ठ्या १३४ च्या साडेचौदा लाखाव्या पटीच्या आसपास दडून बसला होता. कोल यांनी वर सांगितलेल्या ठशांच्या पुढच्याही चाळण्या लावल्या होत्या, तरी तीन वर्षं गेली.

तीन कामांना लागलेला वेळ शेजारी ठेवून बघा. पंगत बसते हे कळायला ६५ फेऱ्या. ओळी किती हे शोधायला तीन वर्षांचे रविवार. कोणी सांगितल्यावर ते खरं आहे का हे बघायला एक संध्याकाळ, तीही हातचे विसरत. "संयुक्त आहे का" आणि "अवयव कोणते" हे दोन प्रश्न जुळे दिसतात, पण त्यांचा एकमेकांशी संबंध फार कमी आहे.

"आता कॉम्प्युटर आहेत की!"

आहेत. कोल यांच्या संख्येचे अवयव आज खिशातला मोबाइलही क्षणात पाडतो. पण अंक वाढवत गेलं की कॉम्प्युटरचीही तीच दमछाक होते.

नुसतं भागत बसण्यापेक्षा हुशार मार्ग आहेत, आणि त्यांचं मूळ शाळेतल्या सूत्रात आहे. ४,८९१ चे अवयव काढायचेत. भागाकार सोडा, शेजारचा वर्ग बघा: ४,९०० म्हणजे ७० चा वर्ग, आणि त्यातून ९, म्हणजे ३ चा वर्ग, वजा केला की ४,८९१. दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी: ७३ गुणिले ६७. झालं. संख्या दोन वर्गांच्या फरकात मांडून अवयव पाडायची ही रीत नारायण पंडितांच्या १३५६ च्या 'गणितकौमुदी'त आहे. फर्माने ती युरोपात मांडली त्याच्या जवळपास तीनशे वर्षं आधी. आजच्या सगळ्यांत ताकदवान पद्धतीही पोटात हीच कल्पना बाळगून आहेत. फरक एवढाच की योग्य वर्गांची जोडी शोधायला त्या कोट्यवधी छोटे तुकडे गोळा करतात.

१९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तीन संशोधकांनी १२९ अंकांची एक संख्या जाहीर केली आणि अवयव पाडणाऱ्याला १०० डॉलर कबूल केले. त्या वेळचा अंदाज होता ४ वर १६ शून्यं इतकी वर्षं. निकाल लागला १९९४ मध्ये, सतराव्या वर्षी. सुमारे ६०० लोकांनी १,६०० च्या आसपास कॉम्प्युटर आठ महिने जुंपले होते. अंदाज सपशेल चुकला. माणसाला यंत्रांचा वेग एकवेळ ओळखता येतो, पण नवी युक्ती कधी सुचेल हे कोण सांगणार? २०२० मध्ये याच मालिकेतली २५० अंकी संख्या फुटली. त्या कामाला प्रोसेसरच्या एका गाभ्याची (कोअरची) सुमारे २,७०० वर्षं लागली असती. हजारो गाभे एकदम लावले म्हणून काही महिन्यांत भागलं.

सातबाऱ्यावरचं कुलूप

त्या तिघांना १०० डॉलरची हौस नव्हती. त्यांनी याच अवघडपणाचं कुलूप केलं होतं. त्यांच्या आडनावांवरून त्याला आरएसए म्हणतात.

दोन प्रचंड मूळ संख्या गुपचूप निवडा. त्यांचा गुणाकार गावभर जाहीर करा. कोणीतरी डिजिटल सही केली की ती खरी आहे का, हे जाहीर गुणाकारावरून कोणालाही तपासता येतं. पण ती सही करायला गुणाकाराच्या आतल्या दोन संख्या माहीत असाव्या लागतात. भारतात डिजिटल स्वाक्षरीच्या प्रमाणपत्रांत सर्रास वापरली जाणारी आरएसए किल्ली २,०४८ बिटांची, म्हणजे ६१७ अंकांची असते. ऑनलाइन काढलेल्या सातबाऱ्यावर किंवा कंपनीच्या विवरणपत्रावर जी डिजिटल सही असते, तिची नक्कल करायला ते ६१७ अंक फोडावे लागतील. आजवर फुटलेत ते २५०.

हे कुलूप बनवायलाच मुळात सुमारे ३०९ अंकी मूळ संख्या पटकन सापडाव्या लागतात. तिथे टिचकी कामाला येते. ल्यूकाची टिचकी फक्त मर्सेन संख्यांना चालते, पण इतर संख्यांसाठीही जलद चाचण्या आहेत. त्यांतल्या नेहमीच्या चाचण्या "जवळजवळ नक्की" असं सांगतात. कुठल्याही संख्येला लागू पडणारी, पूर्ण नक्की सांगणारी आणि अंक वाढले तरी आवाक्यात राहणारी चाचणी असू शकते का, हा प्रश्न बरीच वर्षं पडून होता. ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल यांनी नीरज कयाल आणि नितीन सक्सेना या आपल्या दोन विद्यार्थ्यांबरोबर तो सोडवला. तेव्हा काही ठिकाणी घबराट उडाली होती की आता बँकांची कुलपं उघडणार. घबराट दोन प्रश्नांच्या गल्लतीतून आली. कानपूरच्या तिघांनी पंगत बसते का हे सांगायची रीत दिली. ओळी मोजायची दिली नाही.

"मग सर्वांत मोठी मूळ संख्या घालून सर्वांत मजबूत कुलूप का नाही करत?"

कारण ती सगळ्यांना माहीत आहे. कुलपाची ताकद संख्या गुप्त असण्यात आहे, आणि ३०९ अंकी मूळ संख्या इतक्या आहेत की तुमची कुठली हे कोणी अंदाजाने सांगू शकत नाही. मर्सेन मूळ संख्या मात्र ऑक्टोबर २०२४ ची धरून ५२ च सापडल्या होत्या. दाराला ५२ च किल्ल्या असतील तर चोर एकेक लावून बघेल.

"मग एवढी मोठी शोधायची कशाला?"

सरळ उत्तर: हौस. एव्हरेस्ट चढण्यासारखी. फरक इतकाच की या डोंगराला माथाच नाही. मूळ संख्या कधीच संपत नाहीत हे युक्लिडने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी दाखवलं आहे.

हौशीतून काही गोष्टी पदरात पडतात. १९९६ पासून चालू असलेल्या ज्या स्वयंसेवी प्रकल्पात ड्युरँटला ही संख्या सापडली, त्याचा प्रोग्रॅम लोक नवा कॉम्प्युटर तापवून, ताणून बघायला वापरतात. १९९४ मध्ये थॉमस नाइसली या अमेरिकी प्राध्यापकांना मूळ संख्यांच्या हिशेबात आकडे जुळेनात. आपली चूक, प्रोग्रॅमची चूक असं एकेक बाजूला काढत गेल्यावर कळलं की पेंटियम चिपच भागाकार चुकते आहे. पण या फायद्यांसाठी कोणी मूळ संख्या शोधत नाही, हे मान्य करावं.

"हे कुलूप कधीच फुटणार नाही, असं सिद्ध झालंय का?"

नाही, आणि हे सहसा दबक्या आवाजात सांगितलं जातं. अवयव पाडणं अवघड आहे ही आजवरच्या अनुभवाची गोष्ट आहे, तिला सिद्धता नाही. उद्या एखादी सोपी रीत सापडू शकते. पीटर शोर यांनी १९९४ मध्येच (हे वर्ष अवयवांच्या कुंडलीत भलतंच जोरात दिसतं) दाखवून ठेवलं आहे की पुरेसा मोठा क्वांटम कॉम्प्युटर बनला तर तो हे काम झपाट्याने करेल. तसं यंत्र अजून बनलेलं नाही. पण वाट बघत बसायला नको म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये अवयवांवर न टेकलेल्या तीन नव्या कुलपांची मानकं जाहीर केली.

तोवर कोणाला रविवार मोकळे असतील तर २ चा १,२७७ वा घात वजा १ घ्या. ३८५ अंक आहेत. टिचकी मारून झाली आहे, संख्या संयुक्त आहे, त्याबद्दल वाद नाही. अवयव २,५५४ च्या कुठल्यातरी पटीपेक्षा १ ने जास्त असणार, हेही ठाऊक आहे. जगभरच्या हौशी लोकांनी आपापले कॉम्प्युटर वर्षानुवर्षं तिच्यामागे लावले आहेत, आणि अजून एकही अवयव हाती लागलेला नाही.